म्हातारी, वाघ आणि भोपळा : खेळाच्या बाहुल्या घरी कशा कराव्यात

माझी पहिली बाहुली राजाची होती. लगदा थापून केलेलं नारळाएवढं डोकं, सोनेरी मुकुट, पिळदार मिशा, गालांवर गुलाबी रंग. टीव्हीशेजारी ठेवली तेव्हा आल्यागेल्याने कौतुक केलं. सोसायटीच्या गणपतीत तिला खेळात उतरवली आणि तिसऱ्या मिनिटाला राजेसाहेब मान टाकून पडद्याआड बुडाले. पोरं हसली, त्यांना वाटलं, राजा मेला. घरी येऊन ते डोकं स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवलं तर ३४० ग्रॅम भरलं. तर्जनीच्या दोन पेरांवर तेवढं ओझं पेलून हात डोक्याच्या वर धरून बघा, राजा का बुडाला ते कळेल.

शोभेची बाहुली डोळ्यांसाठी असते, खेळाची हातासाठी. पुढे जे काही सांगतो आहे ते सगळं या एका हिशेबाने. नाक थोडं वाकडं झालं तर चालतं, कपडे साधे असले तर चालतात. पण वजन वाढलं, मान सैल झाली किंवा काखेत कापड ओढलं गेलं तर बाहुली कितीही देखणी असो, ती कपाटातच राहते.

कुठली बाहुली आधी करावी, याचं उत्तर माझ्या मते एकच आहे : हातात घालायची. कळसूत्री बाहुली, म्हणजे दोऱ्यांवर नाचणारी, सगळ्यांना भुरळ घालते. पण तिच्यात सांधे, दोऱ्यांची लांबी, तोल, सगळंच एकदम साधावं लागतं. सिंधुदुर्गात कुडाळजवळच्या पिंगुळीला ठाकर समाजाने कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या छायाबाहुल्या आणि चित्रकथी, म्हणजे चित्रं दाखवत गोष्ट सांगणं, या तिन्ही कला पिढ्यानपिढ्या सांभाळल्या आहेत. तिथल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. त्यांच्या संग्रहालयात एकदा जाऊन या, पण पहिल्याच महिन्यात त्यांची बरोबरी करायला जाऊ नका. रामदास पाध्यांच्या अर्धवटरावासारखी बोलकी बाहुली हे आणखी वेगळं प्रकरण; तिथे बाहुलीपेक्षा माणसाचा गळाच जास्त तयार व्हावा लागतो. हातबाहुलीत मात्र तुमची बोटं हेच सांधे. केरळातले पावकूथूवाले याच जातीची बाहुली वापरतात : डोकं आणि हात लाकडाचे, खाली कापडाची पिशवी, उंची एक ते दोन फूट. आपण लाकडाऐवजी कागद घेऊ.

आणि खेळ कुठला? सुचत नसेल तर भोपळ्यातल्या म्हातारीची गोष्ट घ्या. ती सगळ्यांना पाठ असते, संवाद लिहावे लागत नाहीत, आणि तिच्यात तीन वेगळ्या तऱ्हेच्या बाहुल्या लागतात : म्हातारी हातमोज्याची, वाघ तोंड उघडणारा, भोपळा काठीवरचा. कोल्हा-अस्वल पुढच्या सुट्टीत करा.

आधी मान, मग डोकं

बहुतेक जण डोक्यापासून सुरुवात करतात आणि शेवटी त्याला खालून भोक पाडतात. उलट करा. घरात आलेली जाडसर लग्नपत्रिका घ्या. तिची ६ सेंटीमीटर रुंद पट्टी कापा आणि ज्या हाताने बाहुली धरणार त्या तर्जनीभोवती गुंडाळून नळी करा. बोट दुसऱ्या पेरापर्यंत सहज आत जायला हवं आणि हात उलटा केला तर नळी गळून पडता कामा नये. घरातले दोघे-तिघे बाहुली वापरणार असतील तर जाड बोटाच्या मापाने नळी करा. बारीक बोटवाल्याने आत स्पंजची पट्टी सरकवावी. नळीचं वरचं तोंड कागदी चिकटपट्टीने बंद करा. खालच्या तोंडाला फेव्हिकॉल लावून बारीक सुतळीचे दोन वेढे द्या. हा उंचवटा फार महत्त्वाचा. पुढे कपडा इथेच बांधायचा आहे आणि ह्या काठामुळेच तो ऐन खेळात निसटत नाही. माझ्या एका पोलिसाचा अंगरखा मानेतून सुटून नुसतं मुंडकं बोटावर राहिलं होतं. तेव्हापासून सुतळी.

आता वर्तमानपत्राचं एक मोठं पान चुरगाळून नळीच्या वरच्या अर्ध्या भागाभोवती गोळा करा आणि चिकटपट्टीने आवळत जा. आकार अंड्यासारखा, उंची ९ ते १० सेंटीमीटर, म्हणजे मोठ्या मोसंबीपेक्षा थोडं लांबट. नळीचा खालचा अर्धा भाग मोकळा राहिला पाहिजे. गोळा फार घट्ट दाबू नका, आतली हवा हेच आपलं वजन वाचवणारं सामान आहे. मग एका बाटलीत वाळू भरून तिच्यात जाड काठी रोवा आणि डोकं त्या काठीवर टोपीसारखं बसवा. दोन्ही हात मोकळे राहतात, आणि वाळवायलाही हाच खांब.

खळ आणि कागद

एक वाटी मैदा पाच वाट्या गार पाण्यात गुठळ्या मोडून कालवा, मंद आचेवर ढवळत राहा. पांढरा रंग जाऊन मिश्रण जरा पारदर्शक दिसू लागलं की उतरवा. गार झाल्यावर दोन चमचे फेव्हिकॉल घाला. जुने बुकबाइंडर खळीत मोरचूद घालायचे, म्हणजे कसर आणि झुरळं लागत नाहीत. पण मोरचूद विषारी आहे आणि हे काम मुलांच्या हाताने होणार, तेव्हा तो नको. त्याऐवजी चमचाभर मेथ्या रात्री भिजत घाला, सकाळी वाटा आणि खळीत मिसळा. आपल्याकडे आज्या कागद नि मेथ्या एकत्र कुटून टोपल्या करायच्या, त्यातलीच ही अक्कल : मेथी चिकटही असते आणि कडूही. वास दोन दिवस घरभर राहतो, तेवढं सोसा.

कागदाच्या पट्ट्या फाडायच्या, कापायच्या नाहीत. कात्रीने कापलेली कड चेहऱ्यावर पायरीसारखी दिसते. फाटलेली कड विरून जाते. वर्तमानपत्र एका दिशेने सरळ फाटतं, दुसऱ्या दिशेने वेडंवाकडं, ते हाताला लगेच समजतं. २ सेंटीमीटर रुंद आणि ५-६ सेंटीमीटर लांब पट्ट्या पुरेत. पट्टी खळीतून काढा, दोन बोटांत धरून जास्तीची खळ निपटा आणि लावा. एक थर उभ्या पट्ट्यांचा, पुढचा आडव्या. एक थर साध्या वर्तमानपत्राचा आणि दुसरा गुलाबी कागदाच्या अर्थविषयक दैनिकाचा घेतला तर कुठे कागद लागला आणि कुठे राहिला हे रंगावरून दिसतं. मानेच्या सांध्यावर, म्हणजे नळी डोक्यात शिरते तिथे, दोन पट्ट्या जास्त. एकूण पाच थर. पहिले दोन झाले की वाळवा, मग पुढचे.

वाळवण्याबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण नवशिक्यांची निम्मी डोकी इथेच जातात. एप्रिल-मे महिन्यांत पंख्याखाली दीड-दोन दिवस पुरतात. कडक उन्हात ठेवलं तर बाहेरचा थर आक्रसतो, आत ओल राहते आणि कपाळाला भेग पडते. पावसाळ्यात पाच दिवस धरून चाला. मी एकदा जुलैमध्ये घाईने ओल्यावरच रंग दिला. पंधरा दिवसांनी म्हातारीच्या गालावर हिरवट लव उगवली. मेथीने किडा दूर राहतो, बुरशी नाही. वाळलं की नाही हे ओळखायची सोपी खूण : डोकं आपल्या गालाला लावा. गार लागलं तर आत ओल आहे. नखाने टिचकी मारली की कोरड्या सुपारीसारखा आवाज यायला हवा.

चेहरा

नाक-हनुवटीसाठी लगदा लागतो. वर्तमानपत्राचे नखाएवढे तुकडे रात्रभर पाण्यात भिजवा, सकाळी खलबत्त्यात कुटा. मिक्सर वापरणार असाल तर जुनं भांडं घ्या आणि पाणी भरपूर ठेवा, नाहीतर पातं अडकतं आणि घरात वाद होतात. लगदा फडक्यात घट्ट पिळा, त्यात खळ, चमचाभर फेव्हिकॉल आणि दोन चमचे खडूची पूड घालून भाकरीच्या पिठासारखा मळा. इथेच माझ्या राजाचा घात झाला होता. अख्खं डोकं लगद्याचं करायचं नसतं. डोकं पट्ट्यांचं, लगदा फक्त उठावापुरता. म्हातारीला एका लिंबाएवढा लगदा पुरतो.

प्रेक्षक दहा-पंधरा फुटांवर असतो. त्याला सुरकुती दिसत नाही, सावली दिसते. म्हणून आधी अंगठ्याने डोळ्यांच्या खोबणी खोल दाबा, भुवयांचं हाड पुढे काढा, नाक तुम्हाला योग्य वाटेल त्याच्या दीडपट मोठं ठेवा. म्हातारीचं नाक खाली वाकलेलं आणि हनुवटी वर आलेली, मधे बोळक्या तोंडाची खाच. गालाची हाडं उचला, त्याखाली गाल बसलेले ठेवा. मग खोलीतला दिवा मालवून मोबाइलचा टॉर्च बाजूने मारा आणि दहा पावलं लांब जाऊन बघा. जे दिसत नाही ते मोठं करा, जे नुसतंच सुंदर आहे ते सोडून द्या.

एक चूक जवळजवळ प्रत्येक जण करतो : बाहुलीला हसरं तोंड. वाघ समोर आला, म्हातारी थरथर कापते आहे, आणि चेहऱ्यावर रुंद हसू! तोंड असं ठेवा की ते हसरंही नाही आणि रडकंही नाही. मान खाली केली की ती दुःखी दिसेल, वर केली की खुलेल. हे काम हाताचं आहे, ते लगद्याला देऊ नका.

लगदा पूर्ण वाळला की १२० नंबरच्या पॉलिश पेपरने खडबडीतपणा घासा. फेव्हिकॉलमध्ये खडूची पूड आणि थोडं पाणी घालून एक पांढरा हात द्या. त्याशिवाय रंगाखालून बातम्या वाचता येतात. अंगाच्या रंगासाठी बाटलीतला तयार गुलाबी रंग नको. पिवळी माती, थोडा गेरूचा रंग आणि पांढरा, असं आपल्या माणसासारखं काहीतरी जमवा. ॲक्रिलिक रंग घ्या, पोस्टर कलर घामाच्या हाताने निघतो. वरून वार्निश मारायचा मोह होईल, मारू नका. दिवा लागला की चमकणारा चेहरा दिसेनासा होतो, नुसता डाग दिसतो.

बुबुळं रंगवण्याआधी टिकलीचं पाकीट आणा. पांढऱ्या डोळ्यांवर काळ्या टिकल्या लावा आणि बाहुली हातात उंच धरून समोर खाली कुणाला तरी बसवा. पडद्याची कड मुलांच्या डोक्यापेक्षा उंच असते. बुबुळं मधोमध ठेवली तर बाहुली सगळ्यांच्या डोक्यावरून मागच्या भिंतीकडे बघते. टिकल्या किंचित खाली आणि किंचित आत सरकवत जा. एका क्षणी समोरचा म्हणेल, ‘आता माझ्याकडे बघतेय.’ तिथेच खूण करा आणि रंगवा. शेवटी फक्त बुबुळांवर पारदर्शक नेलपॉलिशचा एक थेंब. अख्ख्या चेहऱ्यावर तेवढीच चकाकी हवी.

हातमोजा

वर्तमानपत्रावर हात ठेवा : तर्जनी सरळ वर, अंगठा एका बाजूला, मधलं बोट दुसऱ्या बाजूला, उरलेली दोन बोटं तळव्यात मुडपलेली. तर्जनी डोक्यात जाईल, अंगठा आणि मधलं बोट म्हणजे म्हातारीचे हात. बोटांच्या बाहेर ३ सेंटीमीटर अंतर ठेवून पेन्सिलीने आकृती काढा. बाह्या आडव्या काढू नका, शेतातलं बुजगावणं होतं. त्या थोड्या वर उचललेल्या हव्यात. मानेपासून खालपर्यंत २८ ते ३० सेंटीमीटर, म्हणजे खेळवणाऱ्याचं मनगट आणि जवळजवळ अर्धा हात झाकला जाईल इतकं. खालचा घेर सपाट मोजला तर १६ सेंटीमीटरपेक्षा कमी नको.

कापड जुन्या सुती साडीचं, चार धुण्यांत मऊ पडलेलं. नवीन खळीचं कापड बोटांशी भांडतं, नायलॉन घसरतं. कापड दुहेरी करून सुलट बाजू आत ठेवा, आकृती आखा, शिवणीसाठी १ सेंटीमीटर सोडून कापा. मान, दोन्ही बाह्यांची टोकं आणि खालची बाजू उघडी. बाकी शिवून घ्या. मशीन असेल तर उत्तम, नाहीतर हाताने बारीक धावदोरा आणि काखेत उलटी टीप. काखेच्या वळणावर शिवणीपर्यंत दोन-तीन छोटे काप द्या, नाहीतर सुलटं केल्यावर तिथे चोळामोळा होतो आणि हात वर उचलला की अख्खी बाहुली वर ओढली जाते. हातमोजा बिघडतो तो बहुतेक वेळा काखेतच. कापड घालून अंगठा आणि मधलं बोट एकमेकांना टेकवून बघा. टेकत नसतील तर काख खाली घ्या. दोन हात टेकले नाहीत तर म्हातारी नमस्कार करणार नाही, काठी धरणार नाही, तोंडाला पदर लावणार नाही. मग तिला रंगमंचावर काम तरी काय?

तळहात फेल्टचे : अंगठा वेगळा आणि बाकी चार बोटं एकत्र, असे ५ सेंटीमीटर लांब, आत नावापुरता कापूस. हेही खरे हात असतात त्यापेक्षा मोठेच दिसले पाहिजेत. मनगटाशी बोटाच्या मापाची पत्रिकेच्याच कागदाची आखूड नळी चिकटवा आणि बाहीच्या टोकाला शिवा. उजव्या तळव्याला बारीक इलॅस्टिकचा एक फास ठेवा, काठी अडकवायला.

डोकं जोडायची युक्ती अशी : हातमोजा उलटा करा आणि डोक्यावरून ओढा, म्हणजे त्याचं मानेचं तोंड नळीवर येईल आणि खालचा घेर डोक्याच्या वर. सुतळीच्या काठाच्या जरा वर जाड दोऱ्याने चार-पाच वेढे देऊन करकचून बांधा. आता घेर खाली ओढून घ्या. कापड सुलटं होतं, गाठ आत लपते. इथे फेव्हिकॉल लावू नका, कारण शेवटी सांगतो.

खालच्या घेराला कडक राहावं म्हणून जुनी प्लॅस्टिकची बांगडी शिवून टाका, शक्यतो मोठ्या मापाची, तुमचा हात सहज जाईल अशी. तिचा उपयोग पडद्यामागे कळतो. बाहुली खिळ्याला बांगडीने उलटी टांगायची. अंधारात वर बघतच हात आत सरकवला की बाहुली तयार.

कपड्यांत हात आखडता घ्या. म्हातारीला खरंखुरं लुगडं नेसवायला गेलात तर निऱ्यांचा गठ्ठा बोटांना हलू देत नाही. समोर दिसेल तेवढाच खणाचा तुकडा चोळी म्हणून टाका, रुमालाएवढा पदर डोक्यावरून घेऊन दोन टाक्यांनी पकडा, काठाची पट्टी खाली लावा. केस पांढऱ्या लोकरीचे, मागे घट्ट अंबाडा. पदर असला की मागचं डोकं नीट नसलं तरी चालतं, हा म्हातारी निवडण्याचा छुपा फायदा. तयार बाहुलीचं डोकं, मानेसकट, १०० ग्रॅमच्या आत हवं. माझ्या आत्ताच्या म्हातारीचं ७० आहे.

वाघ

वाघाला पायातला एक मोजा लागतो, तोही गुडघ्यापर्यंतचा, जाड, पिवळा किंवा बदामी. पुठ्ठ्याचा लांबट गोल कापा, तळहाताएवढा रुंद आणि त्याच्या दीडपट लांब. मधोमध दुमडा, दुमडीवर मागून कापडाची पट्टी चिकटवा, नाहीतर पन्नास वेळा तोंड उघडल्यावर पुठ्ठा तुटतो. आतून लाल फेल्ट. मोज्याचा पंजा पुढून चिरून त्यात हे तोंड बसवा आणि कडेने चिकटवा. कडेला फेव्हिकॉल पुरत नाही, कापडाला चालणारा रबरी गोंद वापरा, खिडकी उघडी ठेवून. पुठ्ठ्याच्या मागे वरच्या बाजूला चार बोटांसाठी आणि खाली अंगठ्यासाठी इलॅस्टिकची पट्टी लावा. ही नसेल तर बोलताना मोजा हातावरून पुढे सरकत राहतो. कपाळाला उंची यावी म्हणून मोज्याच्या आत, बोटांच्या वर, पॅकिंगमधला स्पंज कोंबा.

डोळ्यांना टेबल टेनिसचा चेंडू अर्धा कापून. कान फेल्टचे, पट्टे काळ्या फॅब्रिक रंगाचे. मिशांना नायलॉनच्या झाडूच्या काड्या. डोळे फक्त चिकटवू नका. माझ्या वाघाचा एक डोळा गुरगुरताना पहिल्या रांगेत जाऊन पडला आणि एका चिमुरडीने तो इमानदारीने पडद्यावरून परत दिला. चेंडूच्या कडेला सुईने भोकं पाडून चार टाके घाला.

बोलताना वरचा जबडा उडवू नका. आपणही बोलताना कपाळ उचलत नाही, हनुवटी खाली पडते. म्हणजे चार बोटं स्थिर, हालचाल अंगठ्याची. तोंड अक्षराबरोबर उघडायचं : ‘म्हा-ता-रे’ म्हणजे तीन वेळा, आणि शेवटी मिटलेलं. नवशिका नेमकं उलट करतो, शब्द गिळल्यासारखे तोंड मिटत जातो. आरशासमोर बाराखडी म्हणा. कंटाळवाणं आहे, पण आठवडाभरात हात आपोआप चालू लागतो.

भोपळा

हा सगळ्यात सोपा. फुगा फुगवून त्याच्या अर्ध्याच भागावर खळीत बुडवलेल्या कागदाचे चार थर द्या. वाळला की फुगा फोडण्याचा मान मुलांचा. अर्धी करवंटी हाती येते. आतून काठी कापडाच्या पट्ट्यांनी पक्की चिकटवा, बाहेरून नारिंगी रंग आणि खोल हिरवट चिरा. मागची बाजू उघडीच ठेवायची, कारण म्हातारी त्या बाजूने वर येऊन आत बसल्यासारखी दिसते. उजव्या हातात म्हातारी, डाव्या हातात भोपळ्याची काठी. ‘टुणुक’ला मनगटाची एक उडी आणि मग क्षणभर थांबा; थांबला नाहीत तर भोपळा उडत नाही, नुसता थरथरतो.

पडदा आणि हात

दोन खोल्यांमधल्या दाराच्या चौकटीत आडवी काठी अडकवून तिच्यावर गडद चादर टाका, झालं थिएटर. जमिनीवर बसून खेळवणार असाल तर चादरीची कड तुमच्या डोक्यापेक्षा चार बोटं उंच. मागच्या बाजूला, दोन-अडीच फुटांवर, आणखी एक काळं किंवा निळं कापड टांगा; त्याशिवाय मागचा फ्रीज सगळं लक्ष खातो. टेबललॅम्प समोरून आणि बाजूने, थोडा वरून. पडद्यामागचा दिवा बंद.

हातातलं घड्याळ, अंगठ्या, बांगड्या काढून ठेवा. पहिल्या आठवड्यात गोष्ट घेऊच नका. एवढंच करा : बाहुलीची कंबर पडद्याच्या कडेला टेकेल त्या उंचीला हात धरा आणि पाच मिनिटं तिथेच ठेवा. दुसऱ्या मिनिटापासून बाहुली बुडू लागते आणि तुम्हाला कळतही नाही, म्हणून समोर कुणाला तरी बसवून ‘बुडली’ म्हणायला सांगा. मग बाहुलीला नुसतं बघायला शिकवा. डावीकडे आवाज झाला, तिने मान वळवली, थांबली, परत समोर पाहिलं. हे जमलं की निम्मी कला आली. आत येताना म्हातारी लिफ्टमधून आल्यासारखी थेट वर उगवू नये, पडद्यामागे तीन-चार पायऱ्या चढल्यासारखी एकेक ठेक्याने वर यावी. जी बाहुली बोलते ती हलते आणि जी ऐकते ती स्तब्ध. दोन्ही एकदम हलल्या तर कोण बोलतंय ते पोरांना कळत नाही.

ओडिशात साखी कुंढेईचे, म्हणजे हातबाहुल्यांचे, खेळ करणारे एका हाताने ढोलक वाजवतात आणि दुसऱ्या हाताने बाहुली नाचवतात, वर गातातही. आपल्याला ढोलक नाही जमला तरी एक ताट-चमचा ठेवा. उडीला ठोका पडला की उडी दुप्पट उंच वाटते.

आवाज बदलण्याचा फार आटापिटा नको. घसा खरवडून काढलेला वाघाचा आवाज दहा मिनिटं टिकत नाही. वाघ सावकाश बोलू दे आणि म्हातारी भरभर; वेगातला फरक पुरतो.

खेळ झाल्यावर

बाहुल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबू नका, पावसाळ्यात ओल धरतात. सुती पिशवीत, कडुनिंबाच्या वाळलेल्या पाल्यासकट, बांगडीने टांगून ठेवा. चेहरा पुसायचा तो कोरड्या फडक्याने. आणि हातमोजा? दहा-बारा खेळांनंतर त्याला घामाचा वास येतोच. मानेशी फेव्हिकॉल लावू नका म्हटलं ते याचसाठी : दोरा कापा, डोकं बाजूला ठेवा, तळव्यांच्या शिवणी उसवा, कापड साबणाच्या पाण्यात धुवा, सावलीत वाळवा आणि पुन्हा बांधा. डोकं तोपर्यंत त्या वाळूच्या बाटलीवर बसवून ठेवा. टेबलावर आडवं ठेवलं तर गोल असल्यामुळे ते घरंगळतं आणि नाक सगळ्यात आधी तुटतं.